खंडेनवमीची सकाळपाळी

कंट्रोल रूमच्या दारात पाऊल ठेवलं आणि आधी नाकालाच चुकल्यासारखं झालं. तो वासच नाही. जुन्या खोलीला वास होता. ट्रान्सफॉर्मरच्या तेलाचा, पलीकडच्या बॅटरी रूममधून येणारा आंबूस, घशाला खवखवणारा ॲसिडचा, तापलेल्या जुन्या वायरींचा, आणि या सगळ्यांवर मदतनीस मगनच्या कोऱ्या चहाचा. आता तिथे गारेगार एसी आहे आणि फिनेलचा वास आहे. एखाद्या बँकेत आल्यासारखं वाटलं.

नव्या साहेबांनी फोन करून बोलावलं होतं. तरुण पोरगा, बोलायला गोड. "मॅडम, खंडेनवमीला याच. जुन्या लोकांचा सत्कार ठेवलाय." सत्काराचं मला कौतुक नाही. शाल पांघरून फोटो काढायचा आणि तीच शाल पुढच्या लग्नात कोणाला तरी द्यायची, हे सगळ्यांना माहीत असतं. मी आले ती खोली बघायला. आणि खरं सांगायचं तर, खंडेनवमीला मला इथे कोण बोलावतंय ते बघायला.

आमचं सबस्टेशन सावद्याच्या पुढे, चहूबाजूंनी केळीच्या बागा. लांबून आधी हिरवं दिसायचं आणि त्या हिरव्यातून वर आलेले लोखंडी मनोरे. यार्डात खडी अंथरलेली. त्या खडीतून चालताना पायाखाली करकर वाजायचं, आणि त्या आवाजावरून मला कळायचं की मगन येतोय की तेव्हाचे साहेब. मगन पाय ओढायचा, साहेब जपून टाकायचे, बूट घासू नयेत म्हणून. कुंपणापलीकडे शेतकऱ्यांनी बागेला पाणी सोडलं की ओल्या काळ्या मातीचा आणि कापलेल्या केळीच्या खांबांचा गोडसर, चिकट वास आत यायचा. पांढऱ्या साडीवर केळीच्या चिकाचा डाग पडला की तो मेल्याशिवाय जात नाही. माझ्या तशा दोन साड्या होत्या आणि त्या मी डागांसकट नेसले.

आणि ती गुणगुण. ट्रान्सफॉर्मरची. मागे कॉलनीत आमचं क्वार्टर होतं, तिथे दिवसरात्र ती ऐकू यायची. पाहुणे यायचे ते म्हणायचे, कसं झोपता बाई तुम्ही? आम्हाला ती ऐकूच येत नसे. थांबली की मात्र कॉलनीतली तान्ही पोरं जागी होऊन रडायला लागत.

उन्हाळ्यात यार्ड तापायचं. जळगावचं ऊन मी लहानपणापासून अंगावर घेतलेलं, मेहरूणच्या तलावाकाठी बोरं वेचत वाढलेली मी, पण खडीवरचं ऊन निराळं. ते खालून येतं. दुपारी रीडिंग घ्यायला बाहेर पडलं की चपलेतून तळपाय भाजायचे. पावसाळ्यात वीज चमकली की आम्ही सगळे बोलायचे थांबायचो आणि पॅनलकडे बघायचो. थंडीत कपाशी निघून गेली की यार्डाच्या भिंतीमागे पऱ्हाट्या पेटायच्या आणि त्यावर वांगी भाजली जायची. भरीत, कळण्याची भाकरी, कांद्याची पात. पहिल्या वर्षी पुरुषांनी माझा वाटा डब्यात घालून घरी पाठवला, मोठ्या अदबीने. दुसऱ्या वर्षी मी डबा घेतला, परत भिंतीमागे गेले आणि त्यांच्यात जाऊन बसले. थोडा वेळ कोणी घास गिळेना. मग नानांनी मिरचीचा ठेचा माझ्याकडे सरकवला.

नाना म्हणजे आमच्यातले सगळ्यात जुने ऑपरेटर. माझ्या नवऱ्याचे मित्र. माझा नवरा याच खोलीत ऑपरेटर होता. तो गेला. लोक लगेच विचारतात, शॉक लागला का? नाही. कावीळ झाली. विजेशी रोज खेळणारा माणूस काविळीने गेला आणि त्याच्या जागेवर बोर्डाने मला घेतलं. धुळ्याला पॉलिटेक्निकमधून माझा इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा झालेला होता, वर्गात मुलगी मी एकटी. तरी मोठ्या हापिसात सांगितलं, बिलिंगला टेबल देतो, पंखा आहे, पाच वाजता घरी. मी म्हटलं, नवऱ्याची जागा देताय ना? त्याची जागा पॅनलसमोर होती. ते म्हणाले, पाळ्या कराव्या लागतील. म्हटलं, करीन. त्यांनी एकमेकांकडे बघितलं. ते एकमेकांकडे बघणं पुढे मी इतक्यांदा पाहिलं की त्यावरूनच मला कळायचं, आता हे काय बोलणार आहेत.

खोलीत सगळे मला वहिनी म्हणायचे. साहेब बाई म्हणायचे. फक्त मगन ताई म्हणायचा. मगन आमचा यार्डातला मदतनीस, धुळ्याकडचा, अहिराणी बोलणारा. मी नवीन होते तेव्हा प्रत्येक फीडरचा स्विच दाखवताना तो म्हणायचा, "भ्यावानं नही ताई, मी शे ना आठे." मला कोणाची भीती नव्हती, पण मी आहे ना इथे, असं तो म्हणाला की बरं वाटायचं.

काम काय होतं? वरून मोठ्या लाइनीतून वीज यायची, ती उतरवून आम्ही गावांना, पाणीपुरवठ्याला, दवाखान्याला, शेतीपंपांना वाटायचो. प्रत्येक वाटेला फीडर म्हणायचं, प्रत्येक फीडरला एक पॅनल. पॅनलवर काटे आणि एक स्विच. तांबडा दिवा म्हणजे चालू, हिरवा म्हणजे बंद. दर तासाला काटे बघून रीडिंग घ्यायचं. वारंवारितेचा एक काटा होता, तो पन्नासवर हवा. त्या काळात तो पन्नासला टेकला असता तर आम्ही पेढे वाटले असते. वीज कमी पडून तो घसरायला लागला की लोड डिस्पॅचमधून, म्हणजे राज्यभर वीज वाटणाऱ्या हापिसातून, फोन यायचा, भार कमी करा. तारांमधूनच बोलणारा आमचा खास फोन होता, त्यात समोरचा माणूस विहिरीतून बोलतोय असं वाटायचं. मग कोणाचा तरी फीडर बंद करायचा. पाच मिनिटांत शेतकऱ्याचा फोन. पलीकडून पहिली शिवी अर्धीच येई, कारण इकडे बाईचा आवाज. मग जरा खाकरून, "भाऊला द्या ना जरा." मी सांगायचे, "भाऊ नाही इथे. मीच आहे. बोला." बहुतेक जण फोन ठेवून द्यायचे. जे बोलायचे ते पुढे ओळखीचे झाले. त्यातल्या एका आबांनी दर हंगामाला केळीची फणी पाठवली आणि दर हंगामाला भांडणही केलं.

आणि चार्ज. ही आमची सगळ्यात कडक रीत. पाळी संपली म्हणून उठून जायचं नाही. पुढचा माणूस येणार, सगळ्या पॅनलवरून नजर फिरवणार, मग जाणारा म्हणणार, "चार्ज दिला." आणि येणारा म्हणणार, "घेतला." घेतला हा शब्द तोंडातून येईपर्यंत खुर्ची जाणाऱ्याचीच. तोवर पॅनलला दुसऱ्या कोणाचा हात लागायचा नाही. साहेबांचासुद्धा नाही. साहेबांनी सांगायचं, करायचं मात्र खुर्चीवाल्याने. कारण एकाच वेळी दोघांचे हात पॅनलवर असले तर लाइनवर काम करणारा माणूस मरतो. ही रीत मला फार आवडायची. घरात, नात्यात, गावात माझं म्हणून असं काही नव्हतं जिथे मी दिल्याशिवाय दुसऱ्याला घेता येत नव्हतं.

आता खंडेनवमीचं ऐका. त्या दिवशी हत्यारांची पूजा. सुतार रंधा पुजतो, शेतकरी नांगर पुजतो, आम्ही पॅनल पुजायचो. आदल्या दिवशी मगन खुर्चीवाल्याला विचारून सगळे पॅनल फडक्याने पुसायचा. सकाळी कॉलनीतली बायकापोरं धुतलेले कपडे घालून यायची, साहेबांच्या घरून पेढे यायचे. आणि पॅनलला हळदकुंकू लावायचं ते ज्याची पाळी असेल त्याने. दुसरा कोणी लावूच शकत नव्हता, पॅनलला हात फक्त खुर्चीवाल्याचा. त्यामुळे पूजा हा पाळीचा मान होता. दिवाळीची रजा सोडून देऊन खंडेनवमीची सकाळपाळी मागणारी माणसं मी पाहिली आहेत.

माझी ती पाळी आली की बदलली जायची. नाना यायचे, हळू आवाजात म्हणायचे, "वहिनी, त्या दिवशी मी करतो. तुम्ही आराम करा. घरी सासूबाईंना बरं वाटेल." विधवेच्या हातचं कुंकू पॅनलला कसं लागणार, हे कोणी तोंडाने म्हणत नसे. तेच मला जास्त लागायचं. म्हटलं असतं तर दोन शब्द सुनावता तरी आले असते. गोड बोलून माणूस जेव्हा तुम्हाला बाजूला करतो तेव्हा तुम्ही काय कराल? मी आराम करायचे. क्वार्टरच्या ओट्यावर बसून गुणगुण ऐकायचे आणि डोक्यात तिडीक जायची.

मग तो उन्हाळा आला. लग्नसराई अशी की दर दिवसाआड मांडव. एकाच्या मेव्हणीचं, एकाच्या पुतण्याचं, एकाचं स्वतःचं. सगळे रजेवर. पाळीवर पाळी मी केली. सकाळची संपली की दुपारची माझीच, चार्ज मी मलाच द्यायचे आणि मीच घ्यायचे, मगन त्यावर हसायचा. वादळात तारा तुटल्या, फीडर जाऊन येऊन होते, वऱ्हाडं अंधारात बसलेली, आणि मी पदर खोचून एकेक चालू करत होते. त्या दिवसांत किती मांडवांतले दिवे माझ्या हाताने लागले असतील. नवरा-नवरीच्या डोक्यावरचे. तेव्हा कोणाला माझ्या हाताची आठवण झाली नाही. कोणी म्हटलं नाही, वहिनी, लग्नाचा फीडर आहे, नाना लावतील.

म्हणून त्या वर्षी खंडेनवमीची पाळी माझ्यावर आली आणि नाना हळू आवाज काढून आले, तेव्हा मी म्हटलं, "नाही नाना. माझी पाळी मीच करणार."

ते घाबरले. "वहिनी, असा हट्ट बरा नाही."

"उन्हाळ्यात तुमच्या पुतण्याच्या लग्नाला गेलात, तेव्हा तुमची पाळी कोणी केली?"

 नानांचा स्वभाव वाईट नव्हता. त्यांना खरंच वाटत होतं की माझ्या हातून काही अशुभ घडेल आणि मलाच बोल लागेल. पण मला कोणाच्या काळजीची हौस राहिली नव्हती.

संध्याकाळी साहेबांनी बोलावून घेतलं. साहेब कोकणाकडचे, हुशार, पण सगळ्यांना राजी ठेवण्यात त्यांचा जन्म गेला. म्हणाले, "बाई, पंधरा मिनिटांचा प्रश्न आहे. पूजेपुरता नानांना चार्ज द्या, मग परत घ्या."

मी म्हटलं, "लेखी द्या साहेब. बाई विधवा आहे म्हणून पूजेपुरता चार्ज काढून घेतोय, असं. खाली सही करा, मी लगेच देते."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "हे बघा, मी काही जुन्या विचारांचा नाही. पण लोक आहेत. उद्या काही कमी-जास्त झालं, तर दिवाळीनंतर बिलिंगचं टेबल. मग माझ्याकडे रडत येऊ नका."

"मी कधी आले होते रडत?" मी विचारलं. 

घरी आले तर आक्का झेंडूचे हार ओवत बसलेली. आक्का म्हणजे माझी सासू, माझ्याजवळच राहायची. तीही माझ्यासारखीच, कपाळ मोकळं, फक्त तिचं खूप आधीपासून. दर वर्षी सबस्टेशनचे हार तीच ओवायची, कारण तिच्या हातचा हार सुटत नसे. मी सगळं सांगितलं. मला वाटलं, रागावेल. ती सुईत दोरा घालत राहिली. मग म्हणाली, "कामून वं, हार म्या ओवलेला चालते अन् तुह्या हातचं कुंकू चालत नही? झेंडूले कोनं सांगलं नही वाटते म्या रांडमुंड हाये ते." आणि पुढचं फूल ओवलं. थोड्या वेळाने म्हणाली, "जाय तू. डबा म्या करते."

सकाळी सहाला मी चार्ज घेतला. हवा गार होती, बागांवर धुकं. नऊच्या सुमाराला माणसं जमायला लागली. पोरांच्या अंगाला उटण्याचा वास, बायकांच्या गजऱ्यांचा, मगनने उदबत्त्या लावल्या होत्या त्यांचा, आणि खाली नेहमीचं तेल आणि ॲसिड. मला विचारून मगनने आक्काचे हार पॅनलवर घातले. नाना इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले. माझ्या खुर्चीजवळ उभे राहिले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "वहिनी, चार्ज द्या."

"दोन वाजता देईन," मी म्हटलं.

 साहेब खिडकीतून यार्डाकडे बघायला लागले. मी उठले, ताट उचललं.    कितीतरी वर्षांत मी कुंकवात बोट घातलं नव्हतं. ते इतकं मऊ असतं हे विसरले होते. पहिल्या पॅनलला हळद, मग कुंकू, मग अक्षता. दुसऱ्याला. कोणी हलेना, पोरंसुद्धा. तिसऱ्यापुढे गेले, बोट टेकवलं.

आणि लाइट गेली.

नुसती लाइट नाही, सगळंच. हूटर कर्कश वाजायला लागला, सगळे काटे शून्यावर येऊन पडले, पंखे फिरत फिरत थांबले, कोपऱ्यातला बॅटरीवरचा एकटा दिवा पेटला. मी हूटर बंद केला आणि मग ती शांतता आली. यार्डातली गुणगुण थांबली होती. कॉलनीकडून एका बाळाचं रडणं ऐकू यायला लागलं. मगन धावत आत आला. "ताई, बठ्ठं बंद पडी गयं."

दारातून कोणीतरी बाई म्हणाली, "झालं. लागली नाट."

माझ्या बोटाला कुंकू होतं. मी ताट खुर्चीवर ठेवलं. आता इथे लक्षात घ्या, अशा वेळी बसून रडायला किंवा भांडायला सवड नसते. वीज गेली की पहिलं काम, सगळे फीडर आपल्या हाताने बंद करायचे, म्हणजे ती परत आल्यावर सगळ्या गावांचा भार एकदम अंगावर पडत नाही. मी पहिल्या पॅनलपासून सुरुवात केली. एकेक स्विच फिरवला, एकेक हिरवा दिवा बघितला. सवयीने नानांचाही हात शेजारच्या स्विचकडे गेला.

"नाना, हात," मी म्हटलं.

त्यांनी हात मागे घेतला. मी म्हटलं, "बॅटरी रूम बघा. व्होल्टेज किती आहे ते ओरडून सांगा. मगन, यार्डात फेरी मार, कुठे काही तुटलंय, जळलंय का बघ." दोघे गेले. नाना तो इस्त्रीचा शर्ट घालून ॲसिडमध्ये गेले. मी फोन उचलला. विहिरीतला आवाज घाईत होता, त्याच्यामागे आणखी पाच-सहा फोन वाजत होते.

"तुमची स्थिती सांगा."

"बसबार डेड, मुख्य पट्टीत वीज नाही. सगळे फीडर बंद. येणारी लाइन बंद केली. यार्ड बघतोय. आम्ही तयार आहोत."

"थांबा. तुमचंच नाही, सगळीकडचं गेलंय. धुळे, नाशिक, सगळं. सांगेपर्यंत काही चालू करू नका."

मी तो निरोप नेमाप्रमाणे शब्दाला शब्द परत म्हणून दाखवला. मोठ्याने. खोलीतल्या सगळ्यांना ऐकू गेलं. कोणाच्या तोंडावर काय दिसलं ते मी पाहिलं नाही, माझी पाठ होती.

मग वाट बघणं. ती वाट फक्त आमच्या कामातल्या माणसालाच कळेल. बाहेर पंप थांबलेले, गिरण्या थांबलेल्या, दवाखान्यात कोणीतरी टेबलावर असेल, आणि तुम्ही मेलेल्या काट्यांकडे बघत उभे. बायकापोरं भिंतीला टेकून उभी होती. पेढ्यांच्या खोक्याला मुंग्या लागल्या. बॅटरी रूममधून नाना व्होल्टेज ओरडून सांगत होते, आणि मी "बरं" म्हणत होते. यार्डातून मगनने हात हलवला, सगळं ठीक. साहेब माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. एकदाच म्हणाले, "पाणीपुरवठा आधी घ्या, दवाखाना त्याच्यावरच आहे." मी म्हटलं, "हो साहेब." बस, एवढंच. त्या सगळ्या वेळात एकानेही मला चार्ज मागितला नाही. नानांनी नाही, साहेबांनी नाही. हे मी तेव्हाच मनात नोंदवून ठेवलं.

फोन वाजला. वीज येतेय, घ्या. येणाऱ्या लाइनचा काटा थरथरला आणि वर चढला. मी स्विच फिरवला. बाहेर ट्रान्सफॉर्मर एकदा जोरात हुंकारला आणि मग त्याची गुणगुण सुरू झाली. काय सांगू तुम्हाला, तो आवाज ऐकून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मग पाणीपुरवठा. काटा बघायचा, स्थिर झाला की पुढचा. मग गावं. शेतीपंप शेवटी, आणि तेही थोडे थोडे. प्रत्येक स्विच फिरवला की तांबडा दिवा लागायचा. आमच्या खोलीला वीज देणारा फीडर आला तशी खोलीतली ट्यूब दोनदा लुकलुकून लागली आणि कोणीतरी टाळी वाजवली. बहुतेक एखादं पोर असेल.

मी वळले. बघते तर ती नाट लागली म्हणणारी बाई दारातच होती, पदर तोंडावर धरून.

मी साहेबांना म्हटलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "साहेब, माझ्या बोटभर कुंकवाने धुळ्यापासून नाशिकपर्यंत वीज जात असेल, तर मला इथे कशाला कुजवता? वर पाठवा. मोठ्या साहेबांच्या खुर्चीत बसवा. एवढी ताकद बोर्डात दुसऱ्या कोणाकडे आहे?"

आधी मगन हसला. मग पोरं हसली, त्यांना काही कळलं नव्हतं तरी. साहेबांना हसू आलं, त्यांनी ते खोकल्यात दडपलं. म्हणाले, "राहू द्या आता बाई, झाली पूजा."

"झाली कुठे? अर्धे पॅनल राहिलेत."

मी खुर्चीवरचं ताट उचललं. तिसऱ्या पॅनलपासून पुढे. लावताना प्रत्येकाचं नाव घेतलं, सावदा, पाणीपुरवठा, शेती एक, शेती दोन.  शेवटच्याला लावलं, नारळ मगनने बाहेर फोडला, पेढे मुंग्या झटकून वाटले गेले.

हे मी ज्यांना ज्यांना सांगितलं, त्या सगळ्यांनी पुढचं गृहीत धरलं. म्हणाले, मग बोटावर उरलेलं कुंकू कपाळाला लावलं असशील. नाही लावलं. माझी एक मावसबहीण तर नाराज झाली, म्हणाली, एवढं केलंस तर ते का नाही केलंस? अगं पण माझं भांडण कपाळाचं नव्हतंच. तसं असतं तर ते मी घरी आरशासमोर उभी राहून केलं असतं, मला अडवायची कोणाची काय बिशाद होती? माझं भांडण पाळीचं होतं. खुर्चीत बसलेल्या माणसाचं काम ते खुर्चीत बसलेल्या माणसाने करायचं, एवढंच. मी पुसायच्या कापसाला बोट पुसलं आणि दहाचं रीडिंग घेतलं, ते राहूनच गेलं होतं.

दोन वाजता नाना आले, दुसरा शर्ट घालून. पहिल्याला ॲसिडची भोकं पडली होती. एकेका पॅनलवरून नजर फिरवली. मी म्हटलं, "चार्ज दिला." ते म्हणाले, "घेतला." मग जरा थांबून म्हणाले, "पाणीपुरवठ्याला कुंकू जरा जास्तच लावलंय."

"गडबडीत लागलं," मी म्हटलं.

दिवाळी आली, गेली. बिलिंगचं नाव साहेबांनी काढलं नाही. का नाही काढलं ते मला माहीत नाही आणि मी विचारलंही नाही. पुढे माझी खंडेनवमी जेव्हा जेव्हा आली तेव्हा मी केली. नाही आली तेव्हा ओट्यावर बसले आणि गुणगुण छान ऐकू आली. कोणी कौतुक केलं नाही, कोणी अडवलंही नाही. निवृत्त होईपर्यंत त्या खुर्चीतून मला कोणी उठवलं नाही.

ती खुर्ची आता नाही. पॅनलही नाहीत, एका भिंतीवर मोठे पडदे आहेत, त्यावर सगळ्या लाइनी रंगीत रेघांनी काढलेल्या. माउसने फीडर चालू होतो. मला त्याचं काही वाईट वाटलं नाही. खडीतून तळपाय भाजत जावं लागत नाही, चांगलंच आहे. सत्कार झाला. शाल मिळाली. नव्या साहेबांनी भाषणात माझं नाव आदराने घेतलं, "त्या काळात एक महिला" वगैरे. मगन गेला, नाना गेले, आक्का तर कधीच गेली. भाषण चाललेलं असताना मी खिडकीतून यार्डाकडे कान लावून होते.

मग त्यांनी ताट आणलं. तसंच, हळद, कुंकू, अक्षता, झेंडू. नवे साहेब ते दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरून म्हणाले, "मॅडम, आज पूजा तुमच्याच हातून. तुमचा मान आहे."

सगळे मोबाइल घेऊन उभे. मी ताटाकडे बघितलं. एवढी वर्षं झाली, मी काय बोलतेय हे क्षणभर माझं मलाच कळलं नाही. मी विचारलं, "पाळी कोणाची आहे?"

"म्हणजे?"

"आत्ता चार्ज कोणाकडे आहे?"

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. पडद्यासमोर एक मुलगी बसली होती, बावीस-तेवीस वर्षांची, सडपातळ, कुर्ता घातलेली. सकाळपासून ती तिथेच होती. सत्काराच्या फोटोत तिला कोणी बोलावलं नव्हतं, चहाचे कप मात्र तिच्याच टेबलावर ठेवले होते. तिने वर्गात करतात तसा हात वर केला. "माझ्याकडे आहे मॅडम." आणि लगेच घाईने, "पण मी कंत्राटी आहे."

"ती ऑपरेटर एजन्सीची आहे मॅडम," साहेबांनी समजावलं. "परमनंट स्टाफ नाही. तुम्ही लावा ना, सगळ्यांची इच्छा आहे."

मी ताट हातात घेतलं. त्यांना वाटलं, मी मानलं. मी ते घेऊन त्या मुलीच्या टेबलाशी गेले, चहाचे कप बाजूला सारले आणि ताट तिच्यासमोर ठेवलं. म्हटलं, "चार्ज तुझ्याकडे आहे ना? मग लावायचं तू. कोणी अर्ध्या तासापुरता मागितला, तर म्हणायचं, दोन वाजता देईन."

साहेब टेबलापासून बाजूला झाले.  

मुलगी उभी राहिली. आधी तिने पडद्यावरचा लोड बघितला, प्रत्येक फीडरचा, अगदी शेवटच्या रेघेपर्यंत. मग कुंकवात बोट घातलं.